मागे न बघता दाखवलेलं सोलापूर

माझ्या बायकोनं आजपर्यंत माझं नाव दोनदा घेतलं आहे. पहिल्यांदा ते मला सोडून सगळ्यांना ऐकू आलं. दुसऱ्यांदा मलाही ऐकू आलं, पण माझ्याबरोबर सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या समस्त जनतेलाही आलं. मधला काही मार्ग तिनं काढला नाही.

पहिल्या वेळचं खापर मी गिरणीच्या भोंग्यावर फोडतो. साल सत्तरच्या थोडं पुढचं. लग्न करमाळ्याला, म्हणजे हिच्या माहेरी झालं आणि नवरीला घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी सोलापूरला घरी आलो. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. माझ्या बहिणी दार अडवून उभ्या. "नाव घे, नाही तर आत सोडणार नाही." हिनं मान खाली घातली, पदर सावरला, उखाण्याची पहिली ओळ म्हटली, आणि नेमकं माझं नाव यायच्या जागी पाळी सुटल्याचा भोंगा झाला! बहिणी तिच्या तोंडाला कान लावून उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं. मी नवरदेवाला शोभेल असा समोर बघत ताठ उभा होतो, मला फक्त गिरणी ऐकू आली. भोंगा थांबला तेव्हा सगळ्या बायका हसत होत्या आणि नवरी माप ओलांडून आत गेली होती.

"पुन्हा एकदा होऊ दे की," मी हळूच म्हणालो.

"एकदा घेतलं की झालं," आत्या म्हणाली. "नाव म्हंजे काय शेंगा हायत व्हय, सारकं तोंडात टाकाया?"

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहणार टेंभुर्णी. लग्नासाठी म्हणून आली होती आणि संक्रांत आली तरी लग्न संपलं असं तिला वाटत नव्हतं. मी नारायण. पण आत्याच्या सासऱ्यांचं नावही नारायणच होतं, त्यामुळे तिनं मला जन्मापासून कधी नावानं हाक मारली नाही. बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हातात होती, तरी नाव दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागलं होतं म्हणे. ती मला 'बाळ्या' म्हणायची. आता घरात नारायण न म्हणणाऱ्या बायका दोन झाल्या.

दोन खोल्यांच्या घरात आम्ही इतकी माणसं होतो की नव्या नवऱ्याला बायकोशी बोलायचं तर आधी सगळ्यांना ऐकवावं लागे. ही मला "ऐकलं का" म्हणायची. पाणी हवं का, ऐकलं का. जेवायला चला, ऐकलं का. मी सगळं ऐकत होतो, फक्त जे ऐकायचं होतं तेच मिळत नव्हतं. एका सूतव्यापाऱ्याच्या पेढीवर मी कारकून होतो. तिथं दिवसभर पन्नास माणसं मला नारायणराव म्हणत आणि मला एकाचंही कौतुक वाटत नसे. हिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ते ऐकावं, एवढ्याच एका इच्छेनं मी झुरत होतो. (माणूस नवीन लग्नात कशानं झुरेल हे सांगता येत नाही.)

अशात गड्डा आला. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी आमच्या सिद्धेश्वराची यात्रा. ही यात्रा बघायची आणि त्या निमित्तानं सोलापूरही बघायचं, असा बेत मी जाहीर केला. बेताचं मूळ करमाळ्याला होतं. लग्नाआधी सासऱ्यांनी सहज विचारलं होतं, "सोलापुरात बगन्यासारकं काय काय हाय?" त्यावर मी म्हणालो होतो, "काय नाही ते विचारा. गिरण्यांचं गाव आहे, पैशाला कमी नाही. किल्ला आहे, तळं आहे, इंद्रभुवन आहे. मी इथलाच. मुलीला सगळं दाखवतो." सासरे खूश झाले. खरी गोष्ट अशी होती की मी यांतलं काहीच धड बघितलेलं नव्हतं. इथल्या माणसाला बघायची गरज काय? किल्ला काय कुठं पळून जातोय?

माझा हिशेब साधा होता. गर्दीत एखादा निवांत कोपरा मिळेल, तळ्याकाठी दोन मिनिटं उभं राहू आणि मी हळूच म्हणेन, "घे की माझं नाव."

"नवी जोडी एकटी कुटं निगाली?" आत्या म्हणाली. "मी बी येती."

निघताना तिनं नियमही सांगितले. नवऱ्यानं पुढं चालायचं, बायकांनी मागं. "आन सारकं मागं वळून बगू नको. बायकूकडं बगत बगत चालला तर गल्लीत लोकं काय म्हनतील?" लोक काय म्हणतील ते मला चांगलं माहीत होतं, कारण शेजारच्या दत्तूच्या लग्नानंतर ते मीच म्हणालो होतो. मी कबूल झालो.

हिनं पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसली होती, हातात लग्नातला हिरवा चुडा कोपरापर्यंत होता. मी लग्नातला तपकिरी कोट चढवला, डोक्याला तेल लावलं आणि बाबूभाईचा टांगा ठरवला. मी पुढं बाबूभाईशेजारी, बायका मागं. दोघींची पाठ माझ्या पाठीला. म्हणजे टांग्यातसुद्धा नियम आपोआप पाळला जात होता.

"आधी इंद्रभुवन," मी ऐटीत म्हणालो.

टांगा निघाला आणि थोड्या वेळानं एका मुलींच्या शाळेच्या फाटकासमोर जाऊन थांबला. शाळेला सुट्टी. फाटकाला कुलूप.

"इथं का थांबलास?"

"मैं कां थांबलो साब, घोडा थांबला," बाबूभाई म्हणाला. "रोज इस्कूलच्या पोरी लेके येतो ना. कोई उतरे बिगर हिलता नै."

घोड्याला चुचकारून झालं, ओरडून झालं. शेवटी आत्या खाली उतरली, फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन टांग्यात बसली. घोडा समाधानानं चालू लागला.

"ह्येच का इंद्रभुवन?" आत्यानं विचारलं.

"नाही, ही शाळा."

"मग मला का उतरीवली?"

याचं उत्तर लांबलचक होतं, म्हणून मी दिलं नाही. मागून अगदी बारीक हसू ऐकू आल्यासारखं वाटलं. ते हिचं होतं की घोड्याच्या साजाचं, हे नियमामुळे मला बघता आलं नाही.

इंद्रभुवन मात्र खरोखर देखणं. नक्षी काय, खांब काय! उतरून मी माहिती द्यायला उभा राहिलो. "हे इंद्रभुवन. एका धनवान माणसानं हौसेनं बांधलं. आता इथं महापालिकेची कचेरी आहे."

"क्यवडी मान्सं ऱ्हात हुती हितं?" आत्यानं विचारलं.

"पुष्कळ."

"आन मग का सोडलं?"

मी या वास्तूत आयुष्यात एकाच कामासाठी आलो होतो. "ती बघा," मी विषय बदलला, "ती पाणीपट्टीची खिडकी. आणि रांग इथून त्या झाडापर्यंत लागते." दोघींनी खिडकी बघितली. ती बंद होती.

"म्हायेरी लिवून कळीव हो," आत्या हिला म्हणाली, "इंद्राच्या वाड्याची खिडकी बगितली म्हनून."

तिथून किल्ला. बाबूभाईला पैसे देऊन मी मोकळं केलं, कारण पुढं सगळं जवळजवळ आहे आणि मी इथलाच. या किल्ल्यावरून मी लहानपणी रोज शाळेला गेलो होतो. त्याचे बुरूज मला पाठ होते. फक्त आत जायचं दार कुठल्या बाजूला आहे, एवढं कधी बघायचं राहिलं होतं. आता कुणाला विचारावं, तर इथला माणूस विचारणार कसा? मी मनाशी ठरवलं, डावीकडे वळायचं. तटाला धरून आम्ही चालत राहिलो. तट संपेना, दार येईना. चालता चालता एकदम समोर पाणी! आम्ही तळ्यावर पोचलो होतो.

"किल्ला आतून फारसा काही नसतो," मी सांगितलं. "भुईकोट किल्ल्याची खरी मजा बाहेरून."

"खरं हाय," आत्या म्हणाली. "माजी तर सगळी मजा पायात आली."

यात्रेची गर्दी आता चहूकडून वाढत होती. होम मैदानावर पाळणे फिरत होते, मिठाईवाले ओरडत होते, खांबाखांबाला बांधलेले कर्णे काहीतरी सांगत होते आणि ते एकमेकांत मिसळून कुणालाच कळत नव्हतं. मराठी, कानडी, तेलुगू सगळं एकाच वेळी कानावर पडत होतं. मी शेंगांचा मोठा पुडा घेतला आणि शिस्तीत पुढं चालू लागलो. मागून हिच्या चुड्याचा आवाज येत होता, छुन छुन. तेवढ्या आवाजावर मी निर्धास्त होतो.

मी बोलायला लागलो. तळ्याबद्दल, देवळाबद्दल, एके काळच्या श्रीमंतीबद्दल, जे सुचेल ते. उत्तर नव्हतं, पण आत्यासमोर ती कशी बोलणार? छुन छुन चालू होतं. मग मला धीर आला. शेंगांची मूठ भरली आणि मागं न बघता हात मागं केला. क्षणभर काही झालं नाही. मग मूठ हलकेच रिकामी झाली! महिन्याभरात पहिल्यांदा हिनं माझ्या हातून काही घेतलं होतं. मला पाळण्यात बसल्यासारखं झालं. मी पुन्हा मूठ भरली, पुन्हा रिकामी झाली. असा अर्धा पुडा गेला. (तिला शेंगा इतक्या आवडतात हे मला नवीनच होतं. आणि ती टरफलं कुठं टाकते आहे, हा विचार मला आला नाही.)

बोलत बोलत मी तळ्याच्या कडेला जरा मोकळी जागा होती तिथं आलो. आत्याचा बराच वेळ आवाज नव्हता, म्हणजे ती दमून कुठंतरी टेकली असणार. हीच ती वेळ. मी पाण्याकडे बघत उभा राहिलो.

"एक सांगू?" मी म्हणालो.

छुन.

"त्या दिवशी उंबऱ्यावर तू नाव घेतलंस ते भोंग्यात गेलं. सगळ्यांनी ऐकलं, मीच तेवढा राहिलो. घरात काही बोलता येत नाही. तुला सांगतो, पेढीवर मन लागत नाही माझं. आता इथं कुणी नाही. एकदा घे की माझं नाव."

मागून घोगऱ्या आवाजात उत्तर आलं,

"घेतो की. काय हाय तुमचं नाव?"

मी नियम मोडला आणि वळलो. समोर साठीचा एक शेतकरी उभा होता. डोक्याला पटका, गालफडात शेंगा, आणि खांद्यावर बैलासाठी घेतलेली कोरी घुंगुरमाळ. तो श्वास घेई तशी ती वाजत होती. छुन छुन.

"तुम्ही कोण?"

"मी माढ्याकडचा."

"माझी बायको कुठाय?"

"ते मला कसं ठावं? मी काकणाच्या दुकानापासनं तुमच्या मागं हाय. तुमी लई ग्वाड सांगत हुता. म्हनलं, सरकारनं मानूस ठिवलाय म्हाईती द्याया. शेंगा बी देतोय."

मला तळ्यात उडी मारावीशी वाटली. पण मी मेलो तर माझ्या मनातलं गुपित माढा तालुक्यात एकट्या या माणसाकडे राहिलं असतं. शिवाय बायको हरवली होती. तीसुद्धा आत्यासकट! आता सासऱ्यांना काय सांगू? तुमच्या मुलीला सगळं सोलापूर दाखवलं, फक्त परत आणायची राहिली?

"चला," तो म्हणाला, "हुडकू. शेंगा खाल्ल्यात तुमच्या. मंडळी कशी वळकायची?"

"काळी चंद्रकळा, हिरवा चुडा."

त्यानं मैदानाकडे बघितलं. मीही बघितलं. पहिली संक्रांत. नव्या लग्नाच्या जेवढ्या म्हणून पोरी जिल्ह्यात होत्या तेवढ्या काळी चंद्रकळा नेसून, हिरवा चुडा घालून तिथं हजर होत्या.

"हाक मारा," तो म्हणाला.

हाक काय मारणार? चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची रीत आमच्यात नव्हती. मी "अगं ए!" असं ओरडलो. डझनभर काळ्या चंद्रकळा वळल्या आणि त्यांच्यापुढं चालणारे डझनभर नवरे, नियम विसरून, माझ्याकडे रागानं बघू लागले. मी घाईघाईनं "आत्या!" असं ओरडलो. पाच-सहा आत्या वळल्या. एकीनं "काय रं?" म्हणून विचारलंही. चेहरा बघून तिची निराशा झाली.

आम्ही पाळण्यांपाशी गेलो, मिठाईच्या दुकानांपाशी गेलो, गुरांच्या बाजाराकडे वळलो आणि पुन्हा पाळण्यांपाशी आलो. कुठून आलो आणि कुठं निघालो हे मला कळेना. तेवढ्यात डोक्यावरच्या कर्ण्यातून खरखर झाली.

"इकडं लक्ष द्या. एक इसम हरवलेला आहे. वय पंचवीस-सव्वीस. अंगात तपकिरी कोट, डोक्याला भरपूर तेल. इसम पुढं बघून चालतो. मागं बघत नाही."

"असतात एकेक," मी म्हणालो. "एवढा मोठा माणूस हरवतोच कसा?"

"राहणार सोलापूर," कर्णा पुढं म्हणाला. "आपण इथलाच असल्याचं सगळ्यांना सांगतो."

माढ्याच्या माणसानं माझ्या कोटाकडे बघितलं. मग डोक्याकडे बघितलं. "तुमीच हायसा की वो ह्ये," तो म्हणाला.

"छे! मी हरवलेलो नाही. त्या हरवल्यात."

"इसमाचं नाव..." कर्णा अडखळला. मग आतलंच बोलणं बाहेर ऐकू येऊ लागलं.

"बाई, नाव सांगा."

"अवो तिला कसं इचारता?" हा आत्याचा आवाज. "नवरा हाय त्यो तिचा."

"मग तुम्ही सांगा."

"मी कशी सांगू? मामंजींचं नाव हाय ते."

"म्हणजे दोघींनाही माहीत आहे आणि दोघीही सांगत नाहीत?"

"बाळ्या म्हना."

"बाळ्या नावाची तीन पोरं सकाळपासून इथं रडत बसलीत. ती आधी जाऊ देत. बाई, खरं नाव कळल्याशिवाय माणूस मिळायचा नाही."

मैदान थबकलं होतं. पाळणेवाल्यानं पाळणा धरून ठेवला होता. मी तोंड वर करून कर्ण्याच्या खांबाला धरून उभा होतो. आता भोंगा होऊ नये, एवढीच प्रार्थना मी सिद्धेश्वराला केली. मग कर्ण्यातून खरीखुरी काकणं वाजली आणि हिचा बारीक, थरथरता आवाज आला,

"सिद्धेश्वराच्या तळ्यामधी कमळं फुलली दाट,
नारायणराव हरवले, किती बघू मी वाट."

काय सांगू! माझे डोळे भरून आले. हजारो लोकांच्या गर्दीत माझं नाव माझ्या बायकोच्या तोंडून मी स्पष्ट, स्वच्छ, वरच्या पट्टीत ऐकलं. मैदानानं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "पुन्हा एकदा!" म्हणून ओरडलं, आणि तो मीच होतो. माढ्याच्या माणसानं घुंगुरमाळ हलवली.

"झालं का मनासारकं?" त्यानं विचारलं. "आता जावा. आन ऱ्हायलेल्या शेंगा देताय का?"

मी पुडा त्याच्या हातात दिला आणि धावत सुटलो. हरवलेल्यांच्या मांडवात तीन बाळे एका ओळीत बसले होते. त्यांच्या शेजारच्या बाकड्यावर आत्या आणि ही. कर्ण्यावरच्या माणसानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हिला विचारलं, "हाच का?" हिनं खाली बघत मान हलवली. थोडी उशिराच हलवली असं मला वाटलं.

झालं होतं ते असं. आत्या काकणांच्या दुकानाशी थांबली. मी माहिती देत पुढं गेलो. हिनं मागून "अहो" म्हणून हाक मारली. झाडून सगळे पुरुष वळले, फक्त मी वळलो नाही, कारण मागं बघायचं नाही असं ठरलं होतं. नावानं हाक मारली असती तर एकटा मीच वळलो असतो. पण ते दोघींनाही शक्य नव्हतं.

"मागं बगू नको म्हनलं म्हंजे काय अजाबातच बगू नये व्हय?" आत्या म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी चक्क हिच्याशेजारून चाललो. सगळ्या सोलापूरनं आमचं ऐकलं होतं, आता गल्लीला कशाला भ्यायचं? ती हळूच म्हणाली, "शेंगा घेतल्या हुत्या न्हवं तुमी? कुटं हायत?" त्या माढ्याला गेल्या, हे मी तिला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेढीवर पाऊल टाकलं तर शेटजींपासून हमालापर्यंत सगळे एका सुरात म्हणाले, "किती बघू मी वाट." पुढं कितीतरी दिवस मी कुठंही उशिरा पोचलो की तेच. पण मला राग आला नाही. उलट मला त्याची चटक लागली.

म्हणून पुढच्या गड्ड्याला मी मुद्दाम हरवलो. तोच कोट, तेच तेल. ही आणि आत्या काकणं बघत असताना मी गुपचूप सटकलो आणि कर्ण्याच्या खांबाखाली जाऊन उभा राहिलो. कर्ण्यावर एक छत्री सापडली, एक शेळी सापडली, दोन बाळे सापडले. नारायणराव काही हरवेनात. उन्हं कलली, पाय दुखायला लागले, तसा मी मान खाली घालून घरी आलो. ही चुलीपुढं भाकरी थापत बसली होती.

"अगं, मी हरवलो होतो," मी दारातूनच म्हणालो.

"व्हय का?" तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली. "आत्याबाई म्हनत हुत्या, कर्ण्यावर सांगू या का म्हनून. मी म्हनलं, कशाला? इथलेच हायत की ते."